खेळातले सोबती आणि पत्त्याची वही

(बी. ए. भाग तीन)

आपल्या अकोटच्या बसस्थानकावर उभे राहून कोणाचीही चौकशी करावी, पाच मिनिटांत त्याची सारी हकीकत हाती येते. "थो? थो आता पुन्याले असते. मायबाप पोपटखेडलेच हायेत. मांगच्या दिवाईले आल्ता." सांगणारा त्याचा नातेवाईक असतोच असे नाही. कधी तो पानठेल्यावरचा गिऱ्हाईक असतो, कधी शेजारच्या वावराचा मालक. गावात माणूस हरवत नाही. हरवायचे म्हटले तरी त्याला कोणी हरवू देत नाही.

मग माझा एक मित्र पाच वर्षांपासून मला सापडत नाही, हे कसे? त्याच्याशी मी सात महिने जवळजवळ रोज बोललो. त्याचा खोकला मी ओळखत असे. तो जेवला की नाही हे त्याच्या आवाजावरून मला कळे. पण त्याचे खरे नाव काय, गाव कोणते, तो आज हयात आहे की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. बसस्थानकावर विचारून उपयोग नाही, कारण तो मला भेटला तो मोबाईलवरच्या एका खेळात. असे मित्र का हरवतात आणि ते हरवू नयेत म्हणून काय करता येईल, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच. आपल्यापैकी अनेकांचे असे मित्र असतील. प्राध्यापकमंडळींचे नसतील, पण त्यांच्या मुलाबाळांचे निश्चित असतील.

ओळख कशी झाली ती आधी सांगतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. मी तेव्हा नववीत होतो. परीक्षा संपण्याआधीच शाळा बंद झाली. बाजार समिती सामसूम, रस्ते ओस. घरोघरी माणसे मोबाईलवर खेळू लागली. आमच्या घरी आई आणि मावशी नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीचा लूडो किंग खेळत, एक अकोटला आणि दुसरी परतवाड्याला बसून. मी बाबांच्या मोबाईलवर पबजी खेळू लागलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूळ खेळ दक्षिण कोरियातला, २०१७ सालचा. मोबाईलवरची आवृत्ती २०१८ ची. शंभर खेळाडू विमानातून एका बेटावर उतरतात. हत्यारे शोधायची, लपायचे, लढायचे. सुरक्षित जागेचे वर्तुळ लहान लहान होत जाते आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. एकट्याने खेळता येते. पण खरी गंमत चौघांच्या तुकडीत. तुकडीतले चौघे आपसात बोलू शकतात. कोणी जखमी होऊन पडला तर दुसऱ्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला उठवायचे असते. अनोळखी माणसाने रोज रात्री तुम्हाला दहा वेळा उठवले, की तो अनोळखी राहत नाही. मैत्री होते ती तिथे.

आमच्या तुकडीत चौघे होतो. एक मी. दुसरा मिरजेचा, त्याच्या मागे सतत रेल्वेची घोषणा ऐकू येई, म्हणून आम्ही त्याला 'जंक्शन' म्हणत असू. तिसरा इंदूरचा, मराठी घरातला, पण मराठी हिंदीच्या वळणाने बोलणारा. आणि चौथा 'मास्तर'. हे नाव त्याला मी दिले. त्याचे वय तिशीच्या आसपास असावे. तो बोलू लागला की मागे मागाची खटखट ऐकू येई; त्यावरून तो इचलकरंजीचा, मालेगावचा किंवा सोलापूरचा असावा, असा आमचा तर्क. विचारले तर हसून विषय बदली. मी दहावीत गेलो हे कळल्यावर त्याने एक नियम घातला : आधी बीजगणिताची दोन उदाहरणे, मग खेळ. मी उत्तर सांगायचे आणि चुकले तर तो तोंडी समजावून द्यायचा. वर्गसमीकरणे मी शाळेत नव्हे, पॅराशूटने खाली उतरता उतरता शिकलो, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी एका रात्री तो म्हणाला, "आईला बरं नाही. दोन दिवस येणार नाही." मी "बरं" म्हणालो. तेच आमचे शेवटचे बोलणे.

त्याआधी, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खाली ११८ मोबाईल ॲपवर बंदी घातली होती आणि त्यांत पबजी होते. ज्यांच्या मोबाईलवर ते आधीपासून होते त्यांचा खेळ मात्र पुढेही काही आठवडे चालू राहिला. ३० ऑक्टोबर २०२० रोजी कंपनीने भारतातली सेवा पूर्णपणे बंद केली. मास्तरचे दोन दिवस संपण्याआधीच आमची भेटण्याची जागा संपली.

इथे माझी स्वतःची चूक कबूल करतो. बंदी जाहीर झाल्यापासून खेळ थांबेपर्यंत जवळजवळ दोन महिने आमच्या हातात होते. तेवढ्या अवधीत एकमेकांचा पत्ता विचारायला काय हरकत होती? पण घरून सक्त ताकीद होती की अनोळखी माणसाला नंबर द्यायचा नाही. आणि ताकीद योग्यच होती. शिवाय मागायला संकोच वाटे. आज विचारू, उद्या विचारू असे म्हणता म्हणता दिवस गेले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. असे मित्र इतक्या सहज का हरवतात? मला तीन कारणे दिसतात.

पहिले कारण असे की, मित्रांची यादी आपली नसते. खेळात 'मित्र' म्हणून जी नावे दिसतात ती आपल्या मोबाईलमध्ये नसून कंपनीच्या दूरवरच्या संगणकावर असतात. आपण फक्त खिडकीतून ती पाहतो. कंपनीने खिडकी लावून घेतली की यादी दिसेनाशी होते. हे एकदाच घडले असेही नाही. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी आणखी ५४ ॲपवर बंदी आली तेव्हा 'फ्री फायर' गेले. पबजीच्या जागी २ जुलै २०२१ रोजी भारतासाठी 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' हा खेळ आला. २८ जुलै २०२२ रोजी तोही ॲपच्या दुकानांतून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. नव्या खेळात जुने खाते आणण्याची सोय काही काळ होती, पण ती ज्यांनी आपले खाते फेसबुक वा ट्विटरसारख्या ठिकाणी जोडून ठेवले होते त्यांच्यासाठी. मी बाबांच्या मोबाईलवर 'पाहुणा' म्हणून खेळत होतो. पाहुण्याची नोंद त्या मोबाईलपुरतीच असते. पाहुणा गेला, ताट उचलले. मागे काही उरले नाही.

दुसरे कारण म्हणजे नाव आणि क्रमांक यांतला फरक. यासाठी थोडे टपालखात्यात जाऊ. एकाच नावाची किंवा सारख्या नावाची अनेक गावे असल्यामुळे पत्रांचा घोटाळा होई. आपलेच पाहा ना! अकोट, अकोला, अकोले, अक्कलकोट. अक्षर जरा गिचमीड असले तर पत्र कुठे जाईल याचा नेम नाही. यावर तोडगा म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान व कवी. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले दोन मिळून उपविभाग, तिसरा छाननीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन प्रत्यक्ष टपाल कार्यालय. अकोटचा क्रमांक ४४४१०१. नाव कसेही लिहा, क्रमांक बरोबर असला की पत्र आपल्या गावी येते.

खेळातही अगदी असेच आहे. प्रत्येक खेळाडूला दोन ओळखी असतात. एक त्याने घेतलेले नाव, जे बदलता येते. मास्तर तर महिन्यातून दोनदा नाव बदली. कधी वाघ, कधी वादळ. दुसरी म्हणजे खात्याचा लांबलचक क्रमांक, जो बदलत नाही. त्या क्रमांकाने शोधले तर माणूस कोणत्याही नावाने वावरत असला तरी सापडतो. पण आपण लक्षात ठेवतो नाव, आणि क्रमांक कोणी टिपून ठेवत नाही. अर्थात खेळच बंद पडला तर क्रमांकाचाही उपयोग नाही. तेव्हा उपयोगी पडते ती आपण स्वतः ठरवलेली आणि सगळीकडे तीच ठेवलेली खूण. माझे नाव होते 'वऱ्हाडी' आणि पुढे ४४४१०१. "हा नंबर कसला, लॉटरीचा?" असे जंक्शनने एकदा विचारले होते आणि "अक्कलकोट का?" असेही विचारले होते, तेव्हा मी त्याला पिनकोड समजावून सांगितला होता. २०२१ मध्ये नव्या खेळात मी तेच नाव घेतले. आठ दिवसांत जंक्शनचा निरोप आला. त्याने आकड्यांसकट नाव शोधले होते!

तिसरे कारण समाजशास्त्राच्या तासाला मला उमगले. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दुबळ्या संबंधांच्या बळाविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात एक साधी गोष्ट आहे : अ ची ब शी आणि क शी दाट मैत्री असेल, तर ब आणि क यांचीही पुढे ओळख होण्याचा संभव फार. म्हणजे दाट मैत्रीत त्रिकोण तयार होतात. गावातली मैत्री अशा असंख्य त्रिकोणांनी विणलेली असते. एक धागा तुटला तरी दुसऱ्या दोन बाजूंनी बातमी येतेच. बसस्थानकावर मिळते ती हीच. खेळातली मैत्री मात्र बहुधा एकपदरी असते. माझ्या आणि मास्तरच्या मध्ये तिसरे कोणी नव्हते. तो यायचा तो मी आत असलो तरच. याउलट जंक्शन आणि इंदूरवाला यांनी परस्परांचे नंबर घेऊन ठेवले होते, म्हणून जंक्शन सापडताच इंदूरवालाही सापडला. त्रिकोण होता तिथे दोघे परत आले. एकच धागा होता तिथे तो तुटला.

हा प्रश्न आपल्याकडेच किंवा आजच उद्भवला असे मात्र नाही. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये 'मड' नावाचा, नुसत्या शब्दांत चालणारा, अनेकांनी मिळून खेळायचा खेळ तयार केला. पुढे खेळ वाढले, आणि मित्र एका खेळातून दुसऱ्यात निघून जाऊ लागले. त्यांचा माग ठेवण्यासाठी २००३ मध्ये 'एक्सफायर' नावाची सोय निघाली : कोणता मित्र आता कोणत्या खेळात आहे हे तीत दिसे. लाखोंनी ती वापरली, आणि २०१५ मध्ये तीही बंद झाली. त्याच वर्षी 'डिस्कॉर्ड' सुरू झाले, जे आज अनेक खेळाडू वापरतात. यावरून बोध घ्यायचा तो हा की, माग ठेवणारी वहीसुद्धा दुसऱ्याच्या घरी असेल तर तिचा भरवसा धरू नये.

नॉर्वेतल्या मात्स स्टेन या तरुणाची गोष्ट याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. स्नायू झिजत जाण्याच्या आजारामुळे तो चाकांच्या खुर्चीला खिळलेला होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळात तो आयबेलिन या नावाने वावरे. आपला मुलगा एकटा आहे, त्याला कोणी मित्र नाही, याचे आईवडिलांना फार दुःख होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो गेला. वडिलांनी त्याच्या अनुदिनीवर निधनाची वार्ता लिहिली, आणि मग देशोदेशींहून पत्रे येऊ लागली. त्याने कोणाला धीर दिला होता, कोणाचे घरचे भांडण मिटवले होते. काही मित्र तर अंत्यविधीसाठी नॉर्वेला आले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपटही निघाला. मुलाच्या अनुदिनीची किल्ली वडिलांच्या हाती होती, म्हणून हे घडले. ती नसती, तर आयबेलिन एके दिवशी यायचा बंद झाला, एवढेच त्याच्या मित्रांना कळले असते.

आता माझ्या आजोबांविषयी दोन शब्द. आबाजी जिनिंगमध्ये मुनीम होते. कामानिमित्त आणि देवदर्शनासाठी त्यांचा प्रवास फार. आपल्या अकोटवरून मीटर गेजवर मीनाक्षी एक्सप्रेस धावत असे, ती अनेकांना आठवत असेल. दक्षिणेतून निघून खांडवा, रतलाम करीत जयपूरकडे जाई. आबाजी त्या गाडीत बसले की उतरेपर्यंत दोन तरी नवे स्नेही जोडून येत. त्यांच्याजवळ लाल पुठ्ठ्याची एक वही होती. एका माणसाला एक पान. वर नाव, खाली पत्ता, त्याखाली "कोठे भेट झाली", आणि त्याखाली त्या माणसाच्या गावातल्या आणखी एखाद्याचे नाव. दरवर्षी दिवाळीला ते सगळ्यांना पोस्टकार्ड टाकीत. टाळेबंदीत मी मास्तरचे कौतुक सांगत असता ते म्हणाले होते, "त्याचं नाव नोको सांगू. त्याचा पत्ता कोठी ल्ह्यला, थे दाखव." मी हसलो होतो.

२०२३ मध्ये आबाजी गेले. बाबांनी ती वही काढली आणि प्रत्येक पानावरच्या पत्त्यावर एकेक कार्ड टाकले. खांडव्याहून, हिंगोलीहून उत्तरे आली. एका ठिकाणी ते स्नेही स्वतः वारले होते, पण त्यांच्या सुनेने लिहिले की, "दिवाळीला अकोटचे कार्ड येई, ते आम्ही जपून ठेवले आहेत." गाडीतल्या दहा तासांच्या ओळखीचे हे फळ. आमची ओळख सात महिन्यांची, रोजच्या बोलण्याची. आणि माझ्याजवळ एक पान नव्हते.

त्या वहीवरून मी स्वतःसाठी जी पद्धत ठरवली ती इथे देतो. कोणाला उपयोगी पडली तर आनंद आहे.

एक : कागदाची वही करावी. प्रत्येक मित्राला एक पान. त्याचे खेळातले नाव, खात्याचा क्रमांक, ओळख केव्हा आणि कोणत्या खेळात झाली, हे लिहावे. नाव बदलले की खाली नवे लिहावे, पण जुने खोडू नये.

दोन : आपले खाते 'पाहुणा' म्हणून ठेवू नये. मोबाईल बिघडला किंवा बदलला तरी परत मिळेल अशा रीतीने ते जोडून ठेवावे.

तीन : खेळाबाहेर भेटण्याची एक दुसरी जागा असावी. त्यासाठी घरचा पत्ता किंवा रोजचा नंबर द्यायची गरज नाही. फक्त याच कामासाठी एक वेगळा ई-मेल पत्ता उघडावा आणि तो द्यावा. घरच्यांची ताकीदही पाळली जाते आणि धागाही राहतो. हे मला तेव्हा सुचले असते तर!

चार : आपल्या दोन मित्रांची आपसात ओळख करून द्यावी. एकपदरी दोरा दुपदरी, तिपदरी करावा.

पाच : वर्षातला एक दिवस ठरवावा. आम्ही तिघांनी कोजागिरीची रात्र ठरवली आहे. एरवी कोणी कोठेही असो, त्या रात्री दहा वाजता हजर. नोकरी, परीक्षा, लग्न यांमुळे खेळ सुटतो, तो सुटणारच. वर्षातून एकदा हाक मारण्यासाठी रोज खेळावे लागत नाही.

सहा : घरातल्या एका विश्वासू माणसाला ही वही कोठे आहे ते सांगून ठेवावे. हे अभद्र वाटेल. पण आबाजींची वही आणि मात्सची अनुदिनी यांनी काय साधले, ते वर सांगितलेच आहे.

यासोबत काही पथ्येही आहेत. माग ठेवणे म्हणजे पाळत ठेवणे नव्हे. कोणाचा फोटो, गाव, शाळा यांसाठी हट्ट धरू नये. मुलींच्या बाबतीत तर मुळीच नाही. अनेक जणी मुद्दाम मुलाचे नाव घेऊन खेळतात; का, ते आपण मुलांनी स्वतःलाच विचारावे. मैत्रीच्या नावावर कोणी पैसे किंवा खात्याचा परवलीचा शब्द मागू लागला तर तिथेच थांबावे आणि घरी सांगावे. आणि कोणी आपण होऊन दूर झाला असेल, तर त्याला दूर होऊ द्यावे. पान कोरे ठेवावे, मागे लागू नये.

तरीही मास्तरच्या बाबतीत माझे मन तेवढ्यावर राहत नाही. तो आपण होऊन गेला असता तर गोष्ट निराळी होती. तो "दोन दिवस" म्हणाला होता. त्याची आई बरी झाली का? २०२१ च्या त्या भयंकर उन्हाळ्यातून तो निभावला का? दहावीला गणितात मला किती गुण मिळाले, हे त्याला सांगायचे राहून गेले आहे. माझ्या वहीत त्याचे पान आहे. वर 'मास्तर' एवढेच. त्याखाली त्याची मला आठवतात तेवढी नावे, आणि शेवटी लिहिले आहे : मागाची खटखट. मी अजूनही सगळीकडे तेच जुने नाव घेतो, पिनकोडासकट. कारण तो शोधू लागला तर त्याच्याजवळ माझी तेवढीच खूण आहे.

असो. माझ्या वर्गबंधूंना आणि भगिनींना एवढेच सांगणे की, आज रात्री खेळायला बसाल तेव्हा सोबत्यांपैकी एकाचा तरी क्रमांक कागदावर उतरवून घ्या, आणि आपली काही खूण त्याला द्या. पाच मिनिटांचे काम आहे. मी त्यासाठी दोन महिने घालवले आणि ते केलेच नाही.